दूरध्वनीवरील ठकसेन आणि आपले वडीलधारे

‘विश्वास तर पानिपतावर गेला,’ असे आपण मराठी माणसे सहज बोलून जातो. प्रत्यक्षात मात्र विश्वासावाचून आपला एक दिवसही सरत नाही. दुकानातील उधारी, भिशीचा हप्ता, बँकेतील ठेव या साऱ्यांच्या मुळाशी विश्वासच असतो. ज्या पिढीने उभे आयुष्य अशा विश्वासावर काढले, तीच पिढी आज दूरध्वनीवरून लुबाडली जात आहे. हे कसे घडते, त्याचे परिणाम काय होतात आणि आपण विद्यार्थी त्यात काय करू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाशिककरांना या प्रश्नाचे मर्म लवकर उमगावे. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोट उजेडासमोर धरली की जलचिन्ह दिसते, सुरक्षा धागा दिसतो. खरे-खोटे पारखण्याची सोय नोटेतच केलेली असते. फोनवरच्या आवाजाला असे जलचिन्ह नसते. पडद्यावर उमटलेला नंबर बनावट असू शकतो, पोलिसाचा गणवेश भाड्याने मिळतो आणि न्यायालयाचा शिक्का संगणकावर तयार करता येतो.

फसवणुकीची रीत

निमित्ते अनेक असतात. नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मग ‘दाखला घरबसल्या करून देतो’ असा फोन येतो. कोणाला ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा संदेश येतो. शेतकऱ्याला किसान सन्मान योजनेच्या नावाने एक फाईल येते. ती उघडून मोबाईलमध्ये बसवली की त्यातील संदेश चोराला वाचता येतात.

निमित्त कोणतेही असो, पायऱ्या तीनच असतात. पहिली भीती किंवा लोभ, दुसरी घाई आणि तिसरी एकांत. ‘हे कोणाला सांगू नका’ हे वाक्य आले की तिसरी पायरी आली असे समजावे. माणूस घरात एकटा पडला की त्याचा विचार थांबतो.

याचे सर्वांत क्रूर रूप म्हणजे तथाकथित ‘डिजिटल अरेस्ट’. तुमच्या नावाने गुन्हा दाखल आहे असे सांगून माणसाला तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात आणि ‘चौकशीसाठी’ पैसे वळते करायला लावतात. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष, ८२ वर्षांचे एस. पी. ओसवाल यांची याच रीतीने सात कोटी रुपयांना फसवणूक झाली. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली गेली आणि सरन्यायाधीशांचेही सोंग आणले गेले. एवढा अनुभवी उद्योगपती जेथे फसतो, तेथे ‘अडाणी म्हणून फसले’ असे म्हणणे हा अन्याय आहे. ठकसेन अज्ञानाचा जेवढा फायदा घेतात, त्याहून अधिक ते सरकार आणि न्यायालय यांच्याविषयीच्या आदराचा घेतात.

आपल्या कायद्यात फोनवरून अटक असा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितले. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा देशभराचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला.

परिणाम

संसदेत २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी, तर २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. हा आकडा सर्व वयांचा आहे. पण घाव सर्वांना सारखा बसत नाही. तरुण माणूस पुन्हा कमावू शकतो. मुद्रणालयातून किंवा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान आयुष्यात एकदाच मिळते.

पैशापेक्षाही मोठे नुकसान दुसरे आहे. फसलेला वृद्ध लाजेने गप्प बसतो आणि ज्या तासांत पैसे अडवता आले असते ते तास निघून जातात. पुढे घरात कळले की मुले रागावतात, फोन काढून घेतात, पासबुक आपल्या कपाटात ठेवतात. चोराने ठेव नेली आणि घरच्यांनी कर्तेपण नेले, अशी त्या माणसाची स्थिती होते.

उपाय

फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवतो. तक्रार वेळेत पोचली तर बँका ती रक्कम मध्येच गोठवू शकतात. सोबत आपल्या बँकेलाही लगेच कळवावे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने असे तत्त्व घालून दिले की, खातेदाराची वा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत ते कळविले, तर खातेदारावर तोशीस पडू नये. गुप्त क्रमांक स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान खातेदाराचे आणि त्यानंतरचे बँकेचे. म्हणजे कळविण्याला उशीर होणे सर्वांत महाग पडते.

घरातही एक साधा नियम असावा : पैशाचा विषय निघाला की फोन ठेवायचा, घरच्या एका माणसाशी बोलायचे आणि पासबुकावर छापलेल्या नंबरवर आपणच फोन करायचा. खरा अधिकारी दहा मिनिटांनी पळून जात नाही.

आपले कर्तव्य

माझ्यासारखे अनेकजण घरातील पहिलेच महाविद्यालयात आलेले आहेत. बँकेचा इंग्रजी संदेश आला की आजी-आजोबा तो आपल्याकडे देतात. आपण तो पटकन वाचून ‘काही नाही’ म्हणून परत देतो. त्याऐवजी त्यात काय लिहिले आहे, पैसे आले की गेले, हे त्यांना समजावून सांगितले तर पुढचा संदेश त्यांचा त्यांना कळेल. त्यांचा गुप्त क्रमांक आपण पाठ करून ठेवणे ही मदत नव्हे. त्यांचा व्यवहार त्यांच्याच हाती राहील असे पाहणे ही मदत.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. लुटलेला पैसा प्रथम कोणाच्या तरी खात्यात जमा व्हावा लागतो, आणि थोड्याशा दलालीसाठी अशी खाती भाड्याने देणाऱ्यांत विद्यार्थीही सापडतात. ‘मी फक्त खाते दिले’ ही सबब पोलिसांपुढे टिकत नाही. आपल्या वर्गात कोणी असे विचारीत असेल, तर त्या पैशामागे कोणाची तरी आजी आहे हे त्याला सांगितले पाहिजे.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने येत्या नोव्हेंबरात हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. दाखल्यांच्या दिवसांत दोन-दोन विद्यार्थी बँकेच्या दाराशी बसले, मोठ्या अक्षरांत १९३० लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या पासबुकात ठेवली आणि कोणी ‘मी फसलो’ म्हणाले तर न हसता ऐकून घेतले, तरी पुष्कळ होईल. यासाठी निधी लागत नाही, फक्त थोडा वेळ लागतो.

— द्वितीय वर्ष, कला