भट्टीजवळच्या दोन तारा : संदेशवाहक चिपांच्या निवडीचा एक पाठ

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यांतून आता इंडक्शन भट्ट्या चालतात, आणि निपाणी-संकेश्वर भागातील साखर कारखान्यांत मोटारींचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह आले आहेत. दोन्ही यंत्रे विजेचा प्रवाह क्षणोक्षणी तोडून-जोडून काम करतात, आणि त्या तोडजोडीचा विद्युत-गोंगाट आसपासच्या प्रत्येक तारेत शिरतो. नेमक्या अशाच ठिकाणी उष्णतेचे, पाण्याच्या प्रवाहाचे व दाबाचे आकडे दूरच्या पॅनेलपर्यंत पोहोचवावयाचे असतात. आमच्या समाजातील अनेक मुले-मुली आय.टी.आय. व डिप्लोमा करून या कामात पडली आहेत. त्यांच्यासाठी हा पाठ आम्ही लिहीत आहोत.

प्रश्न केवळ हिशेबाच्या आकड्यांचा नाही. इंडक्शन भट्टीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी सतत वाहत असते. ते थांबले आणि वेटोळे फुटून पाणी वितळलेल्या लोखंडाखाली गेले, तर क्षणात त्याची वाफ होऊन रस उसळतो, आणि भट्टीशी माणसे उभी असतात.

आता मूळ तत्त्व पाहू. जुन्या आर.एस. २३२ पद्धतीत एका तारेवरील दाब जमिनीच्या मानाने मोजतात; तारेत गोंगाट आला की मोजमापच बिघडते. आर.एस. ४८५ पद्धतीत दोन तारा असतात आणि घेणारी चिप त्या दोहोंमधील फरक तेवढा पाहते. बैलगाडीत दोघे भाऊ शेजारी बसले आहेत असे समजा. गाडी खड्ड्यातून गेली की दोघेही एकदम खालीवर होतात, पण त्यांच्या उंचीतला फरक कायम राहतो. दोन्ही तारा एकमेकींना पिळून घ्यावयाच्या त्या एवढ्याचसाठी, की गोंगाटाचा धक्का दोघींना सारखा बसावा.

परंतु गाडीला छप्पर असते! हादरा फार मोठा बसला तर दोघांचीही डोकी छपराला लागतात आणि मग कोण उंच हे सांगता येत नाही. १९८३ साली अमेरिकेत ठरलेल्या आर.एस. ४८५ च्या प्रमाणात हे छप्पर उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट इतके आहे. भट्टीपाशी अर्थिंग एक आणि दोनशे मीटरांवरील कचेरीत दुसरे असले, मधल्या लोखंडी सांगाड्यातून वेल्डिंगचा प्रवाह परतत असला, की दोन अर्थिंगांतील फरक ही मर्यादा सहज ओलांडू शकतो. ओतशाळेत चिप निवडताना पहिला प्रश्न हा आहे. बाजारात मात्र पहिला प्रश्न वेगाचा विचारतात.

वेगाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : लागेल तेवढाच घ्यावा. मॅक्स ४८५ ही सर्वत्र मिळणारी स्वस्त चिप सेकंदाला २५ लाख बिट पाठवू शकते. आपली मोजणीयंत्रे बहुधा ९,६०० वर चालतात, म्हणजे एका बिटाला सुमारे १०४ मायक्रोसेकंद मिळतात. चपळ चिपेच्या तीक्ष्ण कडा तारेच्या टोकांवर व फाट्यांवर आपटून परततात. मॅक्स ४८७ मध्ये कडा मुद्दाम बोथट केल्या आहेत; तिचा वेग अडीच लाखच, पण येथे तो पुष्कळ झाला. शिवाय तिचा भार चौथा हिस्सा असल्याने ३२ ऐवजी १२८ यंत्रे एका जोडीवर बसतात. मात्र बोथट कडांनी आपला गोंगाट कमी होतो, बाहेरून येणारा नव्हे, हे विसरू नये.

जेथे दोन अर्थिंगे वेगळी आहेत तेथे अलगीकृत चिपच घ्यावी. एडीएम २४८३ मध्ये संदेश अतिसूक्ष्म ट्रान्सफॉर्मरातून पलीकडे जातो. तांब्याला तांबे लागत नाही. दर मायक्रोसेकंदाला २५ हजार व्होल्ट इतक्या वेगाने चढणारा झटकाही ती सोसते. तिच्या तारेकडील बाजूस वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो. एडीएम २५८७ ई मध्ये तो आतच असतो, किंमत अर्थात जास्त. आणि एवढा खर्च करून कोणी तारेकडील शून्य पुन्हा पॅनेलच्या पत्र्याला जोडले, तर अलगीकरण पाण्यात गेले म्हणून समजावे.

तारेच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लावावा. मधल्या यंत्रांवर नको. कोणीच बोलत नसते तेव्हा दोन्ही तारा एकाच दाबावर येतात आणि चिपेला गोंगाटच संदेश वाटू लागतो. याकरिता एक तार रोधातून ५ व्होल्टांकडे व दुसरी शून्याकडे ओढून धरतात. किती रोध? टोकांचे दोन रोध मिळून ६० ओहम होतात. चिपेला निश्चित ओळखण्यास २०० मिलिव्होल्ट हवेत. दोन्हीकडे ६८० ओहम घेतले तर एकूण १,४२० ओहमांतून सुमारे ३.५ मिलिअँपियर वाहतात आणि ६० ओहमवर जेमतेम २११ मिलिव्होल्ट मिळतात. ५६० घेतले तर २५४. भट्टीजवळ आम्ही ५६० च घेऊ. मॅक्स ३०८२ सारख्या चिपा शून्य फरकालाही 'शांतता' समजतात, परंतु त्यांच्याजवळ त्या वेळी राखीव अंतर ५० मिलिव्होल्टांचेच उरते. म्हणून रोध वगळू नयेत.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे पाऊस कडाडत येतात. दोन इमारतींमध्ये जाणाऱ्या जोडीवर दोन्ही टोकांस विजेचे झटके गिळणारे संरक्षक घटक बसवावेत. एसएम ७१२ हा उणे ७ व अधिक १२ या मर्यादांसाठीच केलेला आहे. चिपेच्या माहितीपत्रकात १५ हजार व्होल्टांचे संरक्षण लिहिलेले असते, ते हाताच्या स्पर्शातून उडणाऱ्या ठिणगीचे. वळवाच्या विजेचे नव्हे.

शेवटी एक गोष्ट चिपेच्या पलीकडची. १९७९ पासून चालत आलेल्या मॉडबसच्या नेहमीच्या रूपात प्रत्येक संदेशामागे १६ बिटांची पडताळणी असते. गोंगाटाने बिघडलेला संदेश त्यामुळे बहुधा खोटा आकडा दाखवीत नाही. तो टाकून दिला जातो, आणि पडद्यावर मागचाच आकडा तसाच राहतो. पाणी थांबलेले असताना पडदा 'पाणी चालू' म्हणत राहतो तो असा. म्हणून संदेश तीनदा चुकला की आकडा पुसून तेथे लाल रेघ यावी, अशी योजना करून घ्यावी. भट्टीची वीज तोडणारा पाण्याचा स्विच मात्र या जोडीवर मुळीच ठेवू नये. त्याची स्वतंत्र तार सरळ भट्टीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये न्यावी, आणि दर पाळीच्या सुरुवातीस, भट्टी भरण्यापूर्वी, तो स्विच हाताने पाडून पाहावा.