सही बाईची, खुर्ची कोणाची?

प्रश्न : आमच्या भागात सरपंच बाई असली तरी ग्रामपंचायतीत बोलतो तिचा नवराच. लोकही त्यालाच 'सरपंच' म्हणतात. कायद्यात याला काही आधार आहे का? आणि आम्ही बायकांनी करायचं काय?
– एक वाचक भगिनी, विसरवाडी (ता. नवापूर)

उत्तर : काडीचाही आधार नाही, ताई. 'सरपंचपती' हे पद फ्लेक्सवर असतं, कायद्यात नाही.

नवापूर तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्याने, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याने, तिथली सरपंचपदं आदिवासींसाठी राखीव झाली, आणि 2011 पासून राज्यात पंचायतींमधली निम्मी पदं बायकांची आहेत. तुमच्या नंदुरबारने 2014 मध्ये नऊ वेळा खासदार राहिलेल्या माणिकराव गावितांना हरवून हीना गावितांना दिल्लीला पाठवलं, ते तर महिला आरक्षणाशिवाय. अर्थात त्यांच्या घरात राजकारण होतं. पाड्यावरच्या सरपंचबाईच्या घरात ते बहुधा नवऱ्याकडेच असतं.

खुर्चीवर बसलेल्या बाईला सुखानं बसू देतात असंही नाही. आपल्या खानदेशातलंच, जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचं प्रकरण घ्या. सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात, असा आरोप ठेवून तिथल्या सरपंचबाईंना अपात्र ठरवलं गेलं. त्यांचं म्हणणं, आम्ही वेगळे भाड्याच्या घरात राहतो. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं, आणि गावाला बाई सरपंच पचली नाही हेही सुनावलं.

आता तुमच्या हातातलं सांगते. नियमित ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. पुष्कळ गावांत ती वहीतच होते; शिपाई दारोदार फिरून अंगठे घेतो. ती खरोखर भरवायला लावा. बाजारात भावावरून व्यापाऱ्याला गप्प करणारी बाई ग्रामसभेत का गप्प बसते? एक कारण भाषेचं आहे. घरात मावची, इतिवृत्त मराठीत; आपण काय बोललो आणि वहीत काय उतरलं, हे तिला कळतच नाही. म्हणून महिला सभेत मावचीतच बोला, लिहिलेला ठराव तिथल्या तिथे मोठ्यानं वाचून घ्या, मगच सही करा. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तोच ठराव सरपंचबाईंनी स्वतः मांडावा. तुम्ही दहाजणी त्यांच्या शेजारी बसा, मागे नव्हे.

नवरा तरीही खुर्ची ओढून बसलाच, तर ग्रामसेवकांना सगळ्यांसमोर विचारा : भाऊ, यांचं नाव वहीत कोणत्या पदाखाली लिहिताय?