बाटल्यांची काच काँक्रिटमध्ये चालेल का?

प्रश्न : आम्ही मॅसॅच्युसेट्समधील श्रूजबरीत राहतो. ड्राइव्हवे काँक्रिटचा करायचा आहे. साठलेल्या काचेच्या बाटल्या फोडून त्यात घातल्या तर सिमेंट वाचेल का?

उत्तर : नाही, आणि कृपया घरी फोडूही नका. तुकडे सिमेंटची नव्हे, खडीची जागा घेतात. शिवाय सिमेंटमधला अल्कली काचेतल्या सिलिकाशी संयोग पावतो, त्यातून होणारे जेल पाणी शोषून फुगते आणि काँक्रिटला भेगा पडतात. तीच काच सिमेंटइतकी बारीक दळली, की चित्र पालटते. ओल्या सिमेंटातून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावून ती स्वतःच बांधणारा पदार्थ बनते. भारतात पीपीसी (पोझोलाना) सिमेंटात फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, हेच काम करते. सिमेंटचा मुख्य घटक असलेला क्लिंकर भाजून बनवताना इंधनाखेरीज चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून क्लिंकर घटवण्यातच खरा लाभ आहे.

काचेच्या या पुडीसाठी अमेरिकेत २०२० पासून एएसटीएम सी१८६६ हे मानक आहे. शेजारच्या कनेक्टिकटमधील बीकन फॉल्स येथे अर्बन मायनिंग कंपनीने तिचा कारखाना उभारला. तुमच्या जवळच्या मिलफर्डचा बाटल्यांचा कारखाना २०१८ मध्ये बंद पडल्यापासून मॅसॅच्युसेट्सच्या काचेला नव्या वाटा हव्याच होत्या.

रेडीमिक्सवाल्याला हे मानक सांगून विचारा. सिमेंटच्या सुमारे २० टक्के जागी पूड मागा. तुमच्याकडच्या हिवाळ्यासाठी काँक्रिटमध्ये सूक्ष्म हवेचे बुडबुडे धरणारे मिश्रण आवश्यकच आहे. अशा काँक्रिटला ताकद सावकाश येते, म्हणून काम उन्हाळ्यात करा, पाणी जास्त दिवस मारा आणि पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकू नका.