जीपला बाहेरून बेडलायनर

चि. मंदार यास,


तुझे फोटो मिळाले. जीप चांगली घेतलीस. एमएम ५४०, पेजो इंजिन, पाटे शाबूत, आणि मुख्य म्हणजे मोठी चाकं, दिव्यांच्या माळा लावून कोणी तिचं सोंग केलेलं नाही. मालवणात बागेतले नारळ आणि माणसं दोन्ही वाहायला याहून बरं वाहन नाही.

आता तुझ्या बेताविषयी. रंग न मारता अख्ख्या जीपला बाहेरून बेडलायनर मारायचा, तोही ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे पुन्हा गंजाचं नाव नको. तू बघतोस त्या व्हिडिओत या लेपावर हातोडा मारतात, चावी ओढतात, ओरखडा उठत नाही. ते खरं आहे, त्यात लबाडी नाही. पण तो माल कशासाठी निघाला आणि तुझी जीप कुठून सडते, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतोस आणि शेवटी तुझंच करतोस.

ऑलिव्ह ग्रीनचा विषय आधी संपवू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १२१: संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही गाडीला हा रंग लावता येत नाही. तशा जीपा रस्त्यावर दिसतात हे मला सांगू नकोस. दिसतात, आणि पासिंगच्या दिवशी त्यांचे मालक कसलं तोंड करून उभे असतात तेही मी पाहिलंय. दुसरा कुठला रंग निवडलास तरी आरसीत रंगाची नोंद असते. रंग बदलला की ती आरटीओत जाऊन बदलून घ्यावी लागते. तुझी जीप पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलंच. तिथे नसता घोळ नको. आरसीत जो रंग आहे तोच ठेव.

बेडलायनर जन्माला आला तो अमेरिकेतल्या पिकअप गाड्यांच्या हौद्यासाठी. तिथे सुतार, गवंडी, शेतकरी, ज्याच्या त्याच्या दारात पिकअप. हौद्यात विटा-लोखंड टाकलं की रंग खरवडून निघायचा. म्हणून आधी प्लॅस्टिकचे तयार साचे निघाले, हौद्यात नुसते बसवायचे. पण साच्याखाली पाणी आणि वाळू शिरायची, गाडीच्या थरथरीने तीच वाळू रंग घासून काढायची. वर साचा ठणठणीत आणि खाली पत्र्याची चाळण. मग पत्र्यालाच चिकटून बसेल असं फवारायचं अस्तर आलं. सॅन डिएगोची ऱ्हायनो लायनिंग्ज १९८८ ची, लाइन-एक्स १९९३ ची. आयसोसायनेट आणि रेझिन अशी दोन रसायनं गरम करून मोठ्या दाबाने सोडतात, गनमध्ये ती एकत्र येतात आणि काही सेकंदांत पत्र्यावर जमून जातात. पॉलियुरिया आणि पॉलियुरेथेन ही त्यांची घराणी. स्फोटात भिंतीचे तुकडे आत उडू नयेत म्हणून अमेरिकी हवाई दलाने याच जातीचा लेप भिंतींना मारून चाचण्या केल्या होत्या. तेव्हा चिवटपणाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण तुला मिळणार आहे तो माल वेगळा. आपल्याकडचे जीपवाले, थारवाले बहुधा बाटलीतला वापरतात, ब्रिटिश यू-पोल कंपनीचा रॅप्टर किंवा त्याच्यासारखा दुसरा. तीनास एक प्रमाणात हार्डनर ओतायचा, बाटली हलवायची, शुट्झ गन लावायची, साध्या कॉम्प्रेसरवर काम होतं. मालही चांगला आहे. मात्र हौद्यात यंत्राने फवारतात तो थर दोन-तीन मिलिमीटरचा, आणि बाटलीतला दोन हात मारूनही मिलिमीटरच्या आतच राहतो. बाहेरचा पत्रा पंधरा चौरस मीटर धर. त्यावर दोन मिलिमीटर चढवायचे तर तीस लिटर माल लागेल, म्हणजे तीस किलोच्या वर वजन. इतकं कोणी चढवत नाही. तेव्हा हातोडा खाणारं अस्तर आणि तुझ्या जीपवर बसणारं अस्तर यांत फरक आहे, हे व्हिडिओ बघताना लक्षात ठेव.

आता गंजाकडे ये. जीप वरून सडत नाही. बोनेटचा माथा, मडगार्डचा दर्शनी भाग, जिथे तू लेप मारायला निघालायस, तो सगळ्यात शेवटी जातो. आधी जातो तो रबरी मॅटखालचा पत्रा. मग टबची, म्हणजे बॉडीच्या पेटीची, खालची घडी, जिथे दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड केलेत आणि मधे केसाएवढी फट आहे. टब आणि चासी यांच्यामधल्या रबरांखालची जागा. विंडशील्डच्या चौकटीची तळपट्टी. मागच्या चाकाच्या कमानीची आतली बाजू, जिथे लाल माती थापली जाते आणि दिवाळीपर्यंत ओली राहते. गंजाला लोखंड, पाणी आणि हवा पुरते. मालवणच्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं आणि त्या पाण्यातून वीज सहज वाहू देतं, म्हणून इथे कोल्हापुरात दहा वर्षं टिकणारा पत्रा तुमच्याकडे लवकर हात टेकतो. हल्लीच्या गाड्यांची अख्खी बॉडी कारखान्यात टाकीत बुडवून, वीज सोडून पहिला प्रायमर चढवतात, तो पोकळ्यांच्या आतही पोचतो. बाहेरून गनने मारलेला कुठलाही लेप, कितीही महाग असो, तिथे पोचत नाही.

म्हणजे तू बाहेरून कवच चढवणार आणि गंज आतून खात येणार. साध्या रंगाखाली गंज धरला की फोड येतो, रंग फुगतो, मालकाच्या नजरेस पडतं. या खडबडीत जाड थरावर ते काही उमटत नाही.

आमच्या गॅरेजला अशीच एक काळी जीप आली होती, अंगभर हा लेप. मालकाची तक्रार एवढीच की दाराखाली काहीतरी हलतंय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत खाली येत गेलो. वर टण् टण्, आणि कमरेच्या खाली आवाज बसला, धप्प. सुरीने रेघ मारून कड उचलली तर लेप हातभर सोलून हातात आला, एकसंध, कुठेही न तुटता. त्याच्या आतल्या अंगाला गंजलेल्या पत्र्याचा पापुद्रा घट्ट चिकटलेला. लेपाने पत्रा सोडला नव्हता. पत्रा स्वतःपासूनच सुटला होता. मागे ओला तपकिरी चुरा, आणि दारापासून मागच्या चाकापर्यंत चार बोटं उंचीची पट्टी जवळजवळ नाहीच. तिथे पत्रा म्हणून तो लेपच उभा होता. ज्याने काम केलं त्याने गंजावर साधा पॉलिश पेपरही फिरवला नव्हता. का फिरवेल? लेप मारला की सगळं झाकलं जातं, गिऱ्हाईक खूश, दोन वर्षं तरी परत येत नाही. या मालाचा खरा धोका हा आहे, की वाईट काम त्याच्याखाली छान लपतं.

बाकीचे तोटे थोडक्यात. एकदा बसला की काढणं महाकठीण. ग्राइंडर लावून, तापवून, खरवडून काढावा लागतो, आणि त्यात पत्रा पातळ होतो. पोचा आला तर डेंटरला आधी तेवढा भाग सोलावा लागतो. स्वस्तातला ॲरोमॅटिक जातीचा माल उन्हात पिवळट, पांढुरका पडतो. ॲलिफॅटिक टिकतो, पण महाग. आणि धुणं! त्या दाणेदार पृष्ठभागात तांबडी धूळ बसली की फडक्याने निघत नाही, उलट फडक्याचे धागे अडकतात. दर वेळी ब्रश हवा. मान्य आहे की ओरखडा पडला तर तेवढ्यावर पुन्हा मारता येतं आणि जोड दिसत नाही. रंगात ती सोय नाही.

तेव्हा बेडलायनर घे, पण जागा बदल. टबच्या आत तळाला, चाकांच्या कमानींत, खालून, बंपरला, पायरीला, आणि हौस असेल तर बाहेर दाराखालची वीतभर पट्टी, जिथे चाकाचे खडे उडतात. तिथे याच्यासारखा दुसरा माल नाही. वरच्या अंगाला साधा टू-के पीयू रंग मार. फोड आला तर दिसेल, आणि पुढच्या मालकाला शिव्या द्याव्या लागणार नाहीत.

या कामात फवारणी म्हणजे शेवटचं अर्ध्या दिवसाचं काम. बाकी सगळा वेळ तयारीचा. आधी सीट, मॅट, सगळं काढ. तुमच्याकडे पावसाळ्याआधी चासीला जळकं ऑइल फासायची पद्धत आहे. आधीच्या मालकाने ते केलेलं असणारच. ते ऑइल फटीफटीत मुरलेलं असतं आणि त्यावर काही म्हणजे काही चिकटत नाही. (शिवाय रबरी बुश फुगतात ते वेगळंच.) डिग्रीजर आणि गरम पाण्याने दोन-तीनदा धू. सडलेला पत्रा कापून काढ, वर ठिगळ लावू नकोस. दोन पत्र्यांच्या मधे नवी फट म्हणजे नवा गंज. नवा तुकडा कडेला कड भिडवून जोडायला सांग. वेल्डिंग झालं की उघड्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर. जुना रंग घट्ट असेल तिथे १८० नंबरच्या पेपरने घास, चकाकी पूर्ण मरेपर्यंत. मग पाणी ओतून बघ. पाणी पसरून एकसारखं उभं राहिलं तर स्वच्छ; थेंब थेंब होऊन पळालं तर अजून तेल आहे, पुन्हा धू. ही परीक्षा फुकटची आहे आणि कोणी करत नाही.

लेप पावसाळ्यात मारायचा नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशीही जुळतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. दमट हवेत थराला बुडबुडे, बारीक भोकं पडतात. डिसेंबर-जानेवारी धर, आणि तेव्हाही पहाटेच्या दवात नको. ऊन वर आलं, पत्रा हाताला कोरडा आणि कोमट लागला की सुरुवात कर.

आता याच आयसोसायनेटबद्दल, आणि हे तू मनावर घ्यायचंस. भोपाळला १९८४ साली सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. तो वेगळा आणि कितीतरी जहाल, पण कूळ एकच. हार्डनरमधल्या या द्रव्याचा फवारा श्वासात जात राहिला तर दमा जडतो, आणि एकदा शरीराने त्याचं वैर धरलं की पुढे नुसत्या लेशानेही धाप लागते. वास येत नाही म्हणून धोका नाही असं नसतं. रुमाल बांधून गन चालवणारी पोरं मी पाहिलीत, त्यातल्या एकाला हा धंदाच सोडावा लागला. कापडी मास्क कामाचा नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क ज्याच्याकडे आहे अशा माणसाकडूनच काम करून घे. अंगणात आईचं वाळवण, शेजारी आजोबा खुर्चीत, आणि तू माडाखाली गन घेऊन उभा, असं चित्र मला नको.

फवारण्याआधी झाकायच्या जागा. चासी नंबर पहिला. नूतनीकरणाला त्याची पेन्सिलने छाप घेतात. तो लेपाखाली गेला तर खरवडावा लागेल आणि खरवडलेला नंबर बघून इन्स्पेक्टरच्या मनात भलतंच येईल. मग अर्थच्या तारा जिथे बॉडीला बोल्टने कसल्यात त्या जागा, नाहीतर दिवे मिणमिणतील आणि इलेक्ट्रिशियन वायरिंग उचकत बसेल. विंडशील्डचे बिजागर, बोनेटच्या कड्या, बोल्टचे आटे. आणि टबच्या तळाची पाणी जायची भोकं: बूच मारून झाक आणि लेप ओला असतानाच बुचं काढ. हीच भोकं बुजल्यामुळे किती टब गेले असतील. पोकळ भागांत मात्र लेप नाही, तिथे नळीने कॅव्हिटी वॅक्स, आणि तो दर वर्षी मे महिन्यात पुन्हा.

सध्या एवढंच कर. मॅट काढ, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, आवाज बदलतो तिथे खडूने खूण कर आणि फोटो पाठव. त्यावरून पत्रा किती लागेल ते सांगतो. १८ गेजचा सीआर पत्रा इथे उद्यमनगरात मिळतो, कापून एसटीच्या पार्सलने पाठवतो. गॅरेजवाल्याला आगाऊ पैसे अजून देऊ नकोस, आणि दिले असतील तर आईला कळायच्या आत मला कळव.

तुझा,
मामा