एकत्रित मोतीबिंदू-काचबिंदू शस्त्रक्रिया : टाक्याची निवड

मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेनंतर बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मात्र परत येत नाही, उरलेली जपावी लागते. एकाच डोळ्यात दोन्ही विकार असल्यास काही रुग्णांवर दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी करणे हितावह ठरते. अशा वेळी टाक्याची निवड का महत्त्वाची, हे येथे थोडक्यात मांडीत आहोत.

मोतीबिंदूच्या लहान छेदाला आज सहसा टाका लागत नाही. काचबिंदूचे तसे नाही. १९६८ साली केर्न्स यांनी वर्णिलेल्या ट्रॅबेक्युलेक्टोमी पद्धतीत डोळ्याच्या पांढऱ्या आवरणात पातळ झडप उचलून तिच्याखालून आतील द्रवाला वाट करून देतात व झडप टाक्यांनी बसवितात. टाके सैल राहिले तर द्रव अतोनात वाहून डोळा मऊ पडतो; फार घट्ट झाले तर दाब उतरत नाही व दृष्टीच्या मज्जातंतूची हानी चालूच राहते.

झडपेसाठी आम्ही १०-० क्रमांकाचा नायलॉनचा धागा घेतो. त्याची जाडी ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर, म्हणजे केसाहूनही कमी. तो ऊतींना फारसा चिडवीत नाही, म्हणून व्रण कमी धरतो. विरघळणारा धागा आपल्या वेळेने सुटतो, डोळ्याच्या गरजेने नव्हे. त्यामुळे तो वरचा पातळ पडदा शिवण्यापुरताच योग्य.

आरंभी टाका किंचित घट्ट ठेवून पुढे दाब पाहून तो सैल करणे, हे आजचे धोरण आहे. साधा टाका लेसर किरणाने तोडता येतो. सोडता येणाऱ्या टाक्याचे टोक बुबुळाच्या कडेशी ठेवलेले असते; स्लिट लॅम्पखाली, थेंबांनी डोळा बधिर करून, तो चिमट्याने ओढून काढता येतो. त्यास लेसर यंत्र लागत नाही, ही धर्मादाय रुग्णालयाच्या दृष्टीने मोठी सोय होय.

मात्र ही संधी पहिल्या काही आठवड्यांचीच असते. व्रण एकदा पक्का झाला की टाका काढूनही वाट मोकळी होत नाही. वाढलेला दाब पुष्कळदा दुखत नाही. म्हणून डोळा बरा वाटत असला तरी रुग्णास ठरल्या तारखेस तपासणीसाठी आणावे, अशी नातेवाइकांना आमची विनंती आहे. गावाहून येणाऱ्या रुग्णाच्या या फेऱ्यांसाठी दिलेले साहाय्य हे शस्त्रक्रियेलाच दिलेले साहाय्य होय, असे आम्ही मानतो.