शीतगृह व शुष्कक यंत्रांची क्षमता : एककांचे रूपांतर आणि निवडीतील दक्षता

काढणीनंतरचे नुकसान टाळण्यासाठी शीतगृह, पूर्वशीतकरण कक्ष आणि धान्य शुष्कक यांचा वापर आता शेतकरी उत्पादक कंपन्यांपर्यंत पोहोचला आहे. उत्तर प्रदेशातील बटाटा असो, हिमाचल प्रदेशातील सफरचंद असो किंवा नाशिकची द्राक्षे, यंत्रखरेदीच्या वेळी एक अडचण सर्वत्र सारखीच येते. एक विक्रेता क्षमता टनांत सांगतो, दुसरा बीटीयूमध्ये, तिसरा किलोकॅलरीत, तर चौथा केवळ अश्वशक्ती नमूद करतो. आकड्यांच्या लहान-मोठेपणावरून निवड केल्यास यंत्र अपुरे पडते व माल वेळेत थंड होत नाही, अथवा अवाजवी मोठे यंत्र घेतल्याने भांडवल अडकते. म्हणून प्रत्येक क्षमता प्रथम किलोवॅटमध्ये आणणे आवश्यक आहे.

एककांचा अर्थ

उष्मा ही ऊर्जा आहे. ती किती वेगाने काढली वा पुरवली जाते, ती उष्माशक्ती होय. एका सेकंदात एक किलोज्यूल उष्म्याची देवाणघेवाण होत असेल, तर शक्ती १ किलोवॅट असते. एक पौंड पाण्याचे तापमान १ अंश फॅरनहाइटने वाढवण्यास लागणारी उष्मा म्हणजे १ बीटीयू, तर एक किलो पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्मा म्हणजे १ किलोकॅलरी. ही दोन्ही ऊर्जेची एकके आहेत. माहितीपत्रकांत ‘प्रति तास’ हे शब्द अनेकदा गाळलेले असतात; ते गृहीत धरूनच क्षमता वाचावी लागते.

प्रशीतन टन हे एकक बर्फाच्या व्यवहारातून आले. ० अंश सेल्सिअसचा २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्मा शोषतो, तो वेग म्हणजे १ प्रशीतन टन. शीतगृहाच्या साठवण क्षमतेतील टनाशी त्याचा संबंध नाही. ‘१० टनांचे शीतगृह’ या शब्दांतून १० टन माल अभिप्रेत आहे की १० टन प्रशीतन, हे लेखी स्पष्ट करून घ्यावे.

रूपांतरासाठी उपयुक्त मूल्ये

• १ प्रशीतन टन = ३.५१७ किलोवॅट = १२,००० बीटीयू प्रति तास = ३,०२४ किलोकॅलरी प्रति तास
• १ किलोवॅट = ३,४१२ बीटीयू प्रति तास = ८६० किलोकॅलरी प्रति तास
• १ अश्वशक्ती = ०.७४६ किलोवॅट

उदाहरण १ : द्राक्षांचे पूर्वशीतकरण

५,००० किलो द्राक्षे ६ तासांत ३० अंशांवरून २ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावयाची आहेत. द्राक्षांची विशिष्ट उष्मा सुमारे ३.७ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरल्यास काढावयाची उष्मा ५,००० × २८ × ३.७ = ५,१८,००० किलोज्यूल होते. ६ तास म्हणजे २१,६०० सेकंद. म्हणून सरासरी क्षमता २४ किलोवॅट. भिंती, पंखे, खोकी व फळांचे श्वसन यांसाठी २० टक्के वाढ धरल्यास गरज २८.८ किलोवॅट, म्हणजेच सुमारे ८.२ प्रशीतन टन होते. आरंभी फळे उष्ण असल्याने भार सरासरीपेक्षा अधिक असतो, हेही ध्यानात घ्यावे.

आता तीन दरपत्रके पाहू.

• ८.५ प्रशीतन टन = २९.९ किलोवॅट
• ९५,००० बीटीयू प्रति तास = २७.८ किलोवॅट
• २६,००० किलोकॅलरी प्रति तास = ३०.२ किलोवॅट

सर्वांत मोठा आकडा असलेले यंत्रच येथे अपुरे ठरते.

उष्म्याचा किलोवॅट आणि विजेचा किलोवॅट

चौथ्या दरपत्रकात ‘१५ अश्वशक्ती’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याचे ११.२ किलोवॅट होतात. परंतु ती संपीडकाच्या मोटरची शक्ती आहे, शीतकरण क्षमता नव्हे. शीतकरण क्षमतेला लागणाऱ्या विजेने भागले असता कार्यगुणांक मिळतो. तो ३ असल्यास या यंत्रापासून सुमारे ३३.६ किलोवॅट शीतकरण मिळेल, २ असल्यास केवळ २२.४. कक्ष जितका थंड ठेवावयाचा, तितका हा गुणांक घटतो. तोच संपीडक ० अंशाच्या कक्षात जेवढे शीतकरण देतो, तेवढे उणे २० अंशांच्या कक्षात देत नाही. त्यामुळे अश्वशक्तीवरून क्षमतेचा अंदाज बांधू नये.

उदाहरण २ : भाताची वाळवणी

१,००० किलो भातातील ओलावा २० टक्क्यांवरून १४ टक्क्यांपर्यंत आणावयाचा आहे. कोरडा भाग ८०० किलो राहतो, म्हणून वाळलेल्या भाताचे वजन ८०० ÷ ०.८६ = ९३० किलो भरते आणि ७० किलो पाणी काढावे लागते. प्रतिकिलो पाण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल धरल्यास १,६८,००० किलोज्यूल उष्मा लागते. ही उष्मा ५ तासांत द्यावयाची तर ९.३ किलोवॅट, म्हणजे सुमारे ८,००० किलोकॅलरी प्रति तास पुरवावी लागेल. शुष्ककाची उष्मीय कार्यक्षमता ५० टक्के असल्यास भट्टीची क्षमता याच्या दुप्पट हवी.

खरेदीपूर्वी घ्यावयाची दक्षता

• सर्व दरपत्रकांतील क्षमता किलोवॅटमध्ये आणून एकाच तक्त्यात मांडावी.
• दिलेला आकडा उष्म्याचा आहे की विजेचा, हे विचारावे.
• ही क्षमता कक्षाच्या व बाहेरील हवेच्या कोणत्या तापमानास मिळते, याची लेखी नोंद घ्यावी.
• उन्हाळ्यातील कमाल तापमानास यंत्राची क्षमता पुरेशी राहते का, हे तपासावे.

रूपांतराचे गणित साधे आहे. आपल्या मालातून किती उष्मा, किती वेळात काढावयाची वा त्याला पुरवावयाची, हे आधी निश्चित केले, तर कोणत्याही एककातील दरपत्रकाची पारख करता येते.