कपाळावर सुई घेण्याआधी

पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ पुरुषांच्या वरच्या पापण्या सैल पडलेल्या असतात. त्यांच्या भुवया मुळातच बायकांपेक्षा खाली आणि सरळ. समोरचं नीट दिसावं म्हणून ते नकळत दिवसभर भुवया उचलून धरतात, आणि हे काम कपाळाचा स्नायू करतो. आडव्या आठ्या त्या कष्टातूनच पडतात. आरशात आठ्या दिसतात, स्नायूचे कष्ट दिसत नाहीत.

माझे दाजी छप्पन्न वर्षांचे. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी कपाळावर बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं घेतली. जागा म्हणजे एक सलून. बाहेरून कुणीतरी येऊन तिथे अधूनमधून ‘कॅम्प’ घेई. दाजींना कुणी भुवया उचलून दाखवायला सांगितलं नाही, पापण्या तपासल्या नाहीत, चालू औषधं विचारली नाहीत. कपाळावर ओळीने टोचलं आणि पावतीवर ‘फेस ट्रीटमेंट’ एवढंच लिहून दिलं.

आठवड्याभरात आठ्या गेल्या आणि भुवया पापण्यांवर येऊन बसल्या. “हे सारखे झोपेतून उठल्यासारखे दिसतात,” असं ताई काळजीने म्हणाली. दिसण्याचं एकवेळ सोसलं असतं, पण वरचं काही बघायचं तर त्यांना मान मागे टाकावी लागे. संध्याकाळपर्यंत डोळे जड होत, रात्रीची गाडी चालवणं तर त्यांनी सोडूनच दिलं. पापणी खाली आली असेल तर एका प्रकारच्या थेंबांनी ती एक-दोन मिलिमीटर उचलता येते. घसरलेल्या भुवईला त्या थेंबांचा उपयोग नाही. औषधाचा अंमल उतरायला तीन-चार महिने लागतात, आणि तोवर वाट बघण्यापलीकडे दाजींच्या हातात काही नव्हतं.

याचा मला आजही राग येतो, कारण हे टाळता आलं असतं. भुवईला कपाळाचा स्नायू वर ओढतो आणि दोन भुवयांच्या मधले स्नायू खाली ओढतात. म्हणून कपाळाच्या आठ्यांवर उपचार करताना भुवयांमधल्या स्नायूंनाही औषध द्यावं, म्हणजे भुवई घसरण्याचा धोका कमी होतो, असं या औषधाच्या ‘बोटॉक्स’ ब्रँडच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे. दाजींचा फक्त वर ओढणारा स्नायू ढिला केला गेला. त्यात पुरुषांचे स्नायू जाड असतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी पत्रकात २० युनिट लिहिलेले असले, तरी अनुभवी डॉक्टर पुरुषांना पुष्कळदा त्याहून जास्त देतात. शिवाय एका ब्रँडचं युनिट दुसऱ्या ब्रँडच्या युनिटाबरोबरीचं नसतं. ‘सगळ्यांना एकच पॅकेज’ ही कल्पनाच इथे चुकीची आहे.

हे औषध घडलं तेही डोळ्यांच्याच उपचारातून. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी आधी माकडांवर आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीला माणसांवर, तिरळेपणासाठी ते वापरून पाहिलं. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटलं की स्नायू आकुंचन पावतो, आणि हे विष नेमकं तेच सुटणं अडवतं. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनावर आकुंचनासाठी त्याला परवानगी मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची परवानगी आली ती २००२ मध्ये.

योग्य हातात हेच औषध काय करतं ते बघायचं तर लिऑन फ्लायशर यांचं उदाहरण घ्यावं. हे थोर अमेरिकन पियानोवादक. १९६४च्या सुमारास, ऐन उमेदीत, त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आपोआप तळव्याकडे वळू लागल्या. आजाराचं नाव फोकल डिस्टोनिया. पुढची तीसेक वर्षं ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत, वाद्यवृंद चालवत आणि शिकवत राहिले. १९९०च्या दशकात त्यांनी बोट्युलिनमची इंजेक्शनं घेतली. २००४ मध्ये त्यांचा दोन्ही हातांनी वाजवलेला अल्बम आला, त्याचं नावच ‘टू हँड्स’. अशा हातात औषध थोडं कमी पडलं तर बोट वळतच राहतं, थोडं जास्त झालं तर ते पट्टी दाबू शकत नाही. इतकं मोजूनमापून करायचं हे काम आहे.

लिहिताना हात आखडणाऱ्यांना, अर्धा चेहरा सतत फडफडणाऱ्यांना, पक्षाघातानंतर हात ताठरलेल्यांना, काखेत बेसुमार घाम येणाऱ्यांना याचा उपयोग होतो. अर्धशिशीत मात्र महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्यांसाठीच ते आहे, अधूनमधून दुखणाऱ्यांसाठी नाही. अतिचंचल मूत्राशयासाठीही ते देतात, पण त्यानंतर लघवी अडू शकते आणि काही काळ स्वतः नळी घालून ती काढावी लागू शकते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी हे यूरॉलॉजिस्टशी आधीच स्पष्ट बोलून घ्यावं.

चेहऱ्यासाठी जायचंच असेल तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का, ते आधी पाहा. डॉक्टरांनी तुम्हाला भुवया उचलायला, कपाळ आवळायला लावलं पाहिजे. स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार आहे का, जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं चालू आहेत का, हेही विचारलं पाहिजे. ते विसरले तर आपण सांगावं.

कुपी समोर उघडायला लावा. अस्सल बोटॉक्सची कुपी जवळजवळ रिकामीच दिसते, तळाशी पांढुरका थर असतो. आत निर्वात पोकळी असल्यामुळे रबरी बुचात सुई शिरताच सिरिंजमधलं सलाइन आपोआप आत ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती कुपी टाकून द्यायची असते. आधीच भरून आणलेली सिरिंज दिसली, तर सरळ उठून या. ब्रँड, बॅच क्रमांक, मुदत आणि दिलेले युनिट लिहून घ्या किंवा फोनवर फोटो काढा. इंग्लंडमध्ये २०२५च्या जून-जुलैत अशा सौंदर्योपचारांनंतर बोट्युलिझमच्या, म्हणजे याच विषाच्या बाधेच्या, ३८ रुग्णांची नोंद झाली, आणि तिथे विनापरवाना औषध वापरल्याचा संशय होता.

गिळताना घास अडकणं, आवाज बदलणं, एकाचे दोन दिसणं, श्वास अपुरा वाटणं यांपैकी काहीही झालं, मग ते काही तासांनी असो की काही आठवड्यांनी, तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. इंजेक्शन कधी, कुठे आणि कोणत्या बॅचचं घेतलं ते तिथे पहिल्या वाक्यात सांगा. प्रतिविषाने पुढचं नुकसान थांबतं, पण लुळे पडलेले स्नायू त्याने लगेच सावरत नाहीत. त्यामुळे ‘आजची रात्र काढू, सकाळी बघू’ असं अजिबात करू नका.